गडग्यावरचा चकवा

आमच्या आणि काकूंच्या आवाराच्या मध्ये दगडी गडगा आहे. दोघींच्या सासऱ्यांनी हद्दीवरून आधी वर्षानुवर्षं कज्जा चालवला आणि मग निम्मा निम्मा खर्च करून तो घातला. आता मधले चार दगड ढासळलेत. ते कुणी परत चढवत नाही, कारण सगळा कारभार तिथूनच चालतो. विरजण तिथून येतं, अळूची पानं तिथून जातात, आणि वाडीतली बातमी तर दोन्ही बाजूंनी एकदमच निघते आणि अर्ध्यात भेटते. सकाळी माझा भात चुलीवर चढला आणि काकूंची पूजा आटोपली, की आम्ही दोघी आपापल्या अंगणातून येऊन त्या खिंडीत टेकतो. दहा मिनिटं म्हणून. त्या दहा मिनिटांत माझा भात कितीदा करपलाय ते विचारू नका.

पाच वर्षांपूर्वी त्या खिंडीजवळ मी एक कुंडी ठेवली, आणि तेव्हापासून गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी येऊन थांबतात त्या कुंडीपाशी.

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि झाडांच्या मागे लागले. कुठल्याशा प्रदर्शनातून एक वीतभर रोप घेऊन आले. काडीला चिठ्ठी बांधलेली : ‘मिरॅकल फ्रूट’. किंमत साडेचारशे रुपये. मला म्हणाले, “याचं फळ नुसतं तोंडात घोळवायचं आणि वर लिंबू खायचं. लिंबू गोड लागतं!”

काकू पलीकडे तोंडली काढत होत्या. त्यांचे कान तोंडलीवर कधीच नसतात.

“लिंबू गोड करायला साडेचारशे रुपये? दहा रुपयांची साखर आणली असतीत तर घरभर सरबत झालं असतं, मास्तर.”

त्यांनी तिथल्या तिथे चष्मा पुसून रोप बघायला मागितलं. गडग्यावरून कुंडी त्यांच्या हातात दिली. पान उलटंपालटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि हसायलाच लागल्या. “गो, ही ओवळी आहे. बकूळ! पानाची कड बघ, पोलक्याच्या झालरीसारखी चुण्या चुण्यांची. माझ्या मागल्या दारी हिची रोपं मी झाडूनं लोटते नि तुम्ही पैसे देऊन आणलीत!”

ह्यांना ते पटेना. पण त्यांच्याच पुस्तकात चित्र होतं. खऱ्या झाडाचं पान देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद, फांदीच्या शेंड्याला झुपक्यानं येणारं. आमचं तसं नव्हतं. बकूळच होती. चिठ्ठी बांधणाऱ्यानं निदान घराण्यात तरी फसवलं, एवढंच समाधान. कारण हे आफ्रिकेतलं फळ आणि आपली बकूळ एकाच कुळातली, त्याच कुळात चिकू आणि मोहही. ह्यांनी ते समाधान आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. बकूळ आता आमच्या कोपऱ्यात डोक्याच्या वर गेली आहे, आणि काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची ओळख करून देतात : “ही मास्तरांची साडेचारशेची ओवळी.”

खरं रोप पुढच्या पावसाळ्यात आलं. ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बागेतल्या झाडाखालचं काढून दिलं. ते केवढं म्हणाल, तर माझ्या करंगळीपेक्षा थोडं मोठं. चार पानं. आणि ते तसंच राहिलं. काकूंच्या दारची भोपळी मांडवावर चढून खाली उतरली तरी आमच्याकडे चारची सहा पानं झालेली. रोज सकाळी पलीकडून चौकशी : “काय म्हणतो तुमचा साहेब? वाढला का एखादा दोरा?” काकूंनी त्याला साहेब म्हणायचं कारण असं, की त्याच्या नखऱ्यांना अंत नव्हता. थेट ऊन नको, पण अंधारही नको. पाणी रोज हवं, पण मुळाशी साचलेलं नको. आणि माती आंबट हवी.

आता माती आंबट म्हणजे काय, तर ह्यांची शाळा सुरू होते. मातीचा सामू म्हणे साडेचार ते पावणेसहाच्या आसपास लागतो. आपल्या कोकणात एवढा पाऊस पडतो, तो मातीतला चुना धुऊन खाली नेतो, म्हणून जांभ्यावरची माती मुळातच आम्लधर्मी. इथं काही न करता जे मिळतं त्यासाठी देशावरच्या लोकांना काय काय करावं लागतं! माझ्या पुण्याच्या बहिणीनं हौसेनं तेच झाड गच्चीत लावलं. तिकडची काळी माती, वर बोअरचं जड पाणी, भांड्याला पांढरे थर चढवणारं. सहा महिन्यांत झाडाची पानं पिवळी पडली, मग टोकं करपली, मग काडी राहिली. ती म्हणाली, “मी तर खत पण महागातलं घातलं होतं गं.” पोट बिघडलेल्या माणसाला बासुंदी पाजल्यासारखं झालं ते.

मी तेव्हा फार शहाणपणा केला. फोनवर तिला चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. आणि पुढल्याच महिन्यात आमच्या झाडाची नवी पानं पिवळी यायला लागली.

कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. जाळीदार लुगड्यासारखं दिसायला लागलं ते पान. ह्यांनी भिंग लावलं, पुस्तकं काढली. माती आपलीच, पाणी विहिरीचं, कुजका पालापाचोळा घातलेला. मग बिघडलं कुठं? मला तर वाटलं काकूंची दृष्ट लागली. नाही म्हटलं तरी रोज एवढं बघायच्या त्याच्याकडे.

एक दिवस पहाटे मला लवकर जाग आली. मागच्या पडवीत उभी होते. अजून झुंजुमुंजू होतं. बघते तर काकू खिंडीशी. हातात नरसाळ्याएवढी करवंटी. इकडे तिकडे बघितलं, गडग्यावरून हात घातला आणि करवंटी आमच्या कुंडीत हलकेच रिकामी केली. वर बोटांनी सारखंही केलं, आपल्या नातवाच्या भातावर मेतकूट पसरावं तसं.

न्हाणीतल्या चुलीची राख! रोज एक करवंटी. सव्वा महिना चाललं होतं.

“काकू!”

त्या दचकल्या, पण हरल्या नाहीत. “मग? वाढत नव्हतं ते तुमचं. मी आपली मदत केली. माझ्या माडांना राख चालते, तोंडलीला चालते, वांग्याला चालते. तुमच्या साहेबालाच का म्हणून नाही चालत?”

हे बाहेर आले. रागावतील असं मला वाटलं, पण मास्तर माणूस, त्यांना धडा सापडला होता. वाटीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर हळद घातली. कुंडीतली वरची राख चमचाभर काढली आणि त्यात ढवळली. पिवळं पाणी बघता बघता लाल झालं. कुंकवाच्या पाण्यासारखं. काकू वाकून बघत होत्या. त्यांच्या माहेरी घरी कुंकू करायचे, हळदीला खार लागला की ती लाल होते हे त्यांना ह्यांच्याआधीपासून ठाऊक. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे मी रोज खार घालत होते होय त्याच्या अंगावर?” राखेनं मातीचा आंबटपणा मरतो आणि मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. म्हणून पान पिवळं आणि शीर हिरवी. कुंडी उपसली, मुळं धुतली, जांभ्याची माती आणि कुजलेली पानं नव्यानं भरली, आणि त्या साली पागोळ्यांचं पाणी बादल्या लावून त्याच्यासाठी साठवलं. काकूंनी दोन बादल्या आपल्या पागोळीखालून भरून दिल्या. न बोलता. ते आम्ही माफीच्या खाती जमा केलं.

झाड वाचलं. तिसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत आलं, आणि पानांच्या बेचक्यात बारीक पांढुरकी फुलं धरली. फुलं म्हणजे बघत बसावं असं काही नाही, पण दिवसातून चारदा बघितली. मग हिरवी बोंडं. चैत्रात ती लाल झाली. लांबट, माझ्या बोटाच्या पेरापेक्षा थोडी बारकी, बोराइतकी गोल नाहीत, गुंजेसारखी तकतकीत. एकूण सात होती. दोन बुलबुलानं नेली. बुलबुल बसतो कुठं? त्या साडेचारशेच्या ओवळीवर.

उरलेल्या पाचांचा समारंभ गडग्यावरच झाला. आम्ही दोघं, काकू, त्यांचा मुलगा दादा आणि वहिनी. माणशी एक. काकूंनी आधी वास घेतला. कसलाच नाही. तोंडात टाकलं. वर पातळ गर, आत हे एवढं बी.

“काय लागतंय?” हे उतावळे झाले होते.

“काही नाही. जराशी आंबूस. करवंदाला निदान चव तरी असते.”

“चघळा, चघळा. जिभेवर सगळीकडे फिरवा. गिळू नका लगेच.”

पाच मोठी माणसं चार दगडांच्या खिंडीत गाल फुगवून उभी. समोरून पोस्टमन गेला, त्यानं सायकल हळू केली आणि मग पुन्हा जोरात मारली.

मिनिटभरानं बिया थुंकल्या. मी ताटलीत सगळं काढून ठेवलं होतं. लिंबाच्या फोडी, कैरी, बिंबल्या, भिजवलेली आमसुलं, आणि काकूंचंच तीन दिवसांचं ताक. दादानं आधी लिंबाची फोड चोखली, आणि त्याचे डोळे एवढे झाले. दुसरी फोड चोखली. सालीसकट चावली. “आयला, संत्र्याची बर्फी!” वहिनीनं बिंबली घेतली. ती खाताना माणसाचा एक डोळा आपोआप मिटतो, तसा तिनं आधीच मिटून घेतला होता. तो हळूच उघडला. “ही आपलीच बिंबली ना?” आमसुलाचा तर मुरंबा झाला होता. कैरी पिकलेली वाटावी, पण कुरकुरीत.

काकूंनी काही घेतलं नव्हतं. त्यांना अकरा वर्षं मधुमेह आहे. दिवाळीत शंकरपाळ्यांचा डबा त्या स्वतः वरच्या फळीवर ठेवतात आणि स्टूल लपवून ठेवतात. मी त्यांच्या हातात पेला दिला, पाण्यात लिंबू पिळलेलं, किंचित मीठ, साखरेचा कण नाही. त्यांनी घोट घेतला. पेला खाली केला, आत बघितलं. पुन्हा घोट घेतला. मग सगळा पेला एका दमात प्यायल्या आणि पदरानं ओठ टिपले.

“साखर घातलेयस.”

“शपथ नाही काकू.”

“लग्नात प्यायले होते असलं सरबत. आमच्या सासूबाईंनी नंतर कधी एवढी साखर घालू दिली नाही.” आणि लगेच सावरून, “जरा पाणचट झालंय, पण बरं आहे. आण अजून.”

हे का होतं ते त्यांनी ह्यांना विचारलं, आणि एकदाचं कुणीतरी विचारलं म्हणून ह्यांचा चेहरा खुलला. त्या गरात एक प्रथिन असतं, त्याचं नाव मिराक्युलिन. १९६८मध्ये ते वेगळं काढलं. फ्लोरिडात कुरिहारा नावाचा जपानी शास्त्रज्ञ आणि बाइड्लर यांनी काढलं, आणि त्याच साली हॉलंडमध्येही काढलं. ते स्वतः गोड नाही. जिभेवर गोडाची जी कुलपं असतात त्यांत ते जाऊन बसतं आणि गप्प राहतं. तोंडात आंबट आलं, की मग ते जागं होतं नि कुलूप फिरवतं. आंबट गेलं की पुन्हा गप्प. असं अर्धा तास, कधी तासभर.

काकू म्हणाल्या, “म्हणजे आमच्या थोरल्या जावेसारखं. एरवी कोपऱ्यात बसलेली कळायचीसुद्धा नाही. दोघांचं वाजलं, की मग हिचा आवाज.”

इतकं नेमकं कुठल्या पुस्तकात नसेल.

त्या दिवशी फळाला नाव पडलं : चकवा. रानात चकवा लागतो ना, माणूस ओळखीच्या वाटेनंच चालतो आणि पोचतो भलतीकडे. तसं हे. जीभ आपली, लिंबू आपलं, पण गाव भलताच.

चकव्याची दुसरी बाजू संध्याकाळी कळली. गोड लागतात म्हणून काकूंनी नऊ बिंबल्या खाल्ल्या. वर कैरीच्या सहा फोडी. चव बदलली तरी आम्ल तेवढंच असतं, ते पोटात आणि दातांवर आपलं काम करतंच. रात्री जीभ सोलवटली, दात आंबले, पोटात जळजळ. सकाळी खिंडीत नुसती खूण : बोलवत नाही. हे मात्र या वेळी खरंच चिडले. बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल फार. तिचा घट्ट रस पिऊन केरळात माणसांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. आणि इथं साखरेची बाई! तेव्हापासून नियम झाला : चकवा खाल्ल्यावर एक लिंबू, बस. बिंबली बंद.

आणखीही काही आम्ही करून बघितलं. कारलं कडूच राहतं. मिठाचं काही बदलत नाही. चहा जसाच्या तसा. आणि गरम गरम काही खाल्लं तर परिणाम लवकर उतरतो.

हा शेवटचा मुद्दा दादाला माहीत असता तर एक भांडण टळलं असतं. दिवाळीनंतर दुसरा बहर आला तेव्हा दादानं येता येता एक फळ तोंडात टाकलं आणि घरी जेवायला बसला. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. तिरफळ, आमसूल, सगळं रीतसर. वाफाळतं नव्हतं, कारण दादा उशिरा आला होता. पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. “तिखल्यात गूळ? आमच्या सात पिढ्यांत कुणी घातलाय?” वहिनी म्हणाली घातला नाही. तो म्हणाला घातलास. वर सोलकढी प्यायला, तर ती बासुंदी. मग काय विचारता! वहिनीच्या माहेरचे लोक देशावरचे, ते आमटीत गूळ घालतात, हा मुद्दा वीस वर्षांनी पुन्हा वर आला. काकू मधे पडल्या त्या चाखून बघायला, त्यांना ते फक्कड लागलं, म्हणून मुलगा आईवर घसरला : “तुला आता चवच कळत नाही.” आवाज आमच्या पडवीपर्यंत. हे वाचत बसले होते. ते उठून खिंडीशी गेले आणि ओरडून विचारलं, “दादा, येताना काय खाल्लंस?”

पलीकडे एकदम शांतता.

मग वहिनीचं हसणं ऐकू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. अर्ध्या तासानं त्यानं तेच तिखलं दोनदा वाढून घेतलं म्हणे. माहेरच्या गुळाबद्दल मात्र त्यानं अजून माफी मागितलेली नाही. वहिनी ते गडग्याशी महिन्यातून एकदा सांगते, म्हणून मलाही पाठ आहे.

काकूंना खरी अडचण निराळीच आहे. त्यांच्या हिशेबात फळ म्हणजे त्याचं पुढे काहीतरी झालं पाहिजे. रातांब्याची आमसुलं, कैरीचा आंबोशी-साखरंबा, फणसाची साठं, आवळ्याची सुपारी. त्यांची माळ्यावरची बरणी बोलते, त्या कमी बोलतात (असं त्या म्हणतात). त्यांनी विचारलं, “याचं लोणचं?” नाही. शिजवलं की गुण जातो. “सरबताचा पाक?” उकळला की संपलं. “उन्हात वाळवून?” गोठवून सुकवलं तर राहतं, पण त्याला यंत्र लागतं, आपल्या उन्हाचं ते काम नव्हे. “मग पाहुण्याला द्यायचं काय?” पाहुण्याला इथं बोलवायचं, आणि पिकलं त्या दिवशी. दोन दिवसांत ते मऊ पडतं. काकूंच्या तोंडावर असं काही उमटलं, की जणू दारात आलेल्या मुलीला स्वयंपाक येत नाही असं कळलंय.

पश्चिम आफ्रिकेत लोक पिढ्यान्‌पिढ्या हे चघळत आलेत. घाना, बेनिन, नायजेरिया ह्या भागातलं ते. देमार्शे नावाच्या फ्रेंच माणसानं तिकडे फिरताना १७२५मध्ये ते बघितलं. तिथं ताडी आंबली की तिच्याआधी हे फळ तोंडात घोळवायचं आणि आंबलेल्या पिठाची भाकरीही ह्याच्या जोरावर खायची. हे ऐकल्यापासून दादाचा ह्या झाडाबद्दलचा आदर वाढला आहे. आमच्याकडची सकाळची माडी संध्याकाळपर्यंत काय होते ते त्याला चांगलं माहीत आहे. काकूंनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, “झाडाला हात लावलास तर बघ.”

पण काकूंना सगळ्यात आवडते ती अमेरिकेची गोष्ट. ती त्या ह्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, मालिकेचा चुकलेला भाग विचारावा तशी. रॉबर्ट हार्वे म्हणून एक होता. त्यानं साठीच्या दशकाच्या शेवटी कंपनी काढली. साखरेऐवजी ह्या फळावर चालणारे पदार्थ विकायचे, मधुमेही लोकांचं भलं होईल. मोठाल्या गुंतवणूकदारांनी पैसे घातले. मग आपल्या ऑफिसवर कुणी पाळत ठेवतं, गाडीचा पाठलाग होतो, रात्री ऑफिसात कुणी शिरून कागद चाळतं, असं हार्वे पुढे सांगत असे. आणि १९७४मध्ये, माल बाजारात यायच्या तोंडावर, तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं सांगितलं : हे अन्नात मिसळायचं द्रव्य धरलं जाईल, आधी वर्षानुवर्षांच्या चाचण्या करा. कंपनी बुडाली.

“साखरवाल्यांनी केलं,” काकूंचा निकाल. पुरावा कुणाकडे नाही. हे तसं सांगतात. काकू म्हणतात, पुरावा कशाला, आमच्या वाडीतल्या पाणंदीचं काय झालं तेव्हा पुरावा होता का?

मग काकूंना स्वतःचं झाड हवं झालं. पहिल्या बहराच्या पाचही बिया त्यांनी हक्कानं मागून घेतल्या. दुधी-पडवळाचं बी ठेवतात तशा सुपात वाळवल्या, राखेत घोळवल्या, डब्यात ठेवल्या, आणि मृगात पेरल्या. आषाढ गेला, श्रावण गेला. काही आलं नाही. बुळबुळीत काळ्या चिकूच्या बियांसारख्या ह्या बिया वाळल्या की मरतात. राखेचं तर बोलायलाच नको. मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. पुढच्या बहराचं बी तोंडातून काढलं ते धुतलं आणि त्याच दुपारी काथ्याचा भुसा नि जांभ्याची माती घातलेल्या करवंटीत टेकवलं. दीड महिना मी रोज उकरून बघायचा मोह आवरला. मग एक आलं, मग तीन.

त्यातलं सगळ्यात जोमदार काकूंना दिलं. त्यांनी कुंडी नको म्हटलं, खिंडीच्या आपल्या बाजूला जमिनीतच लावलं, माडाच्या सावलीत. शेजारी एक चिरा उभा केला आणि त्यावर दादाकडून चुन्यानं लिहून घेतलं : ‘राख टाकू नये.’ चुना मुळांपासून लांब ठेवलाय ना ते हे दोनदा बघून आले.

काकूंचं रोप आता वीतभर आहे, त्यांना अजून दोन वर्षं तरी थांबायला हवं. त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत आणि थांबणार आहेत, असं त्यांनी जाहीर केलं आहे. माझ्या झाडाला ह्या श्रावणात चौदा फळं धरलीत. बुलबुलाची तीन सोडून अकरा. तुम्हाला रोप करायचं असेल तर सकाळी नवाच्या आधी गडग्याशी या, फळ इथंच खा आणि बी ओलं असतानाच घेऊन जा. दहानंतर काकूंची पूजा झालेली असते.